दोन विहिणी आणि कातळवाडीची वाट

खूप खूप वर्षांपूर्वी, माणसं वानरांशी बोलत आणि वानरं त्यांना उलट उत्तरंही देत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

डोंगरांच्या कुशीत एक छोटं राज्य होतं. गावं पुष्कळ होती, पण सरळ रस्ता एकही नव्हता. एक वाट खिंडीतून जाई, दुसरी ओढ्यातून, तिसरी करवंदीच्या जाळीत शिरून कुठे बाहेर पडेल ते तिचं तिलाच ठाऊक. एका गावाला दुसऱ्या गावाला काही कळवायचं असलं की जासूद धावत. तोंडी निरोप घ्यायचा आणि तो पोचवायचा, हे त्यांचं काम. जिथे वाटा फुटत तिथे राजाने चौक्या बांधल्या होत्या. जासूद आला की चौकीच्या राखणदाराने त्याला पुढची वाट दाखवायची.

सुरुवातीला राजाने प्रत्येक चौकीपुढे एक मोठा सपाट दगड उभा केला आणि त्यावर वाटा कोरून घेतल्या. अमक्या गावाला डावीकडे, तमक्या गावाला उजवीकडे. त्याला वाटलं, एकदा कोरलं की कायमचं काम झालं.

पण बाळांनो, वाटा काही दगडासारख्या नसतात. त्या खचतात, बुजतात, नव्याही फुटतात.

एकदा एका घाटात दरड कोसळली. सुभाना नावाचा तरुण जासूद निरोप घेऊन तिथवर आला, दरडीसमोर थांबला आणि चक्क खाली बसला. सुभाना पायाने वारा होता आणि स्वभावाने गाय. सांगितलं तेवढं करायचं, ही त्याची रीत.

वरच्या बेहड्याच्या झाडावर एक वानर शेपटी सोडून बसला होता. त्याने विचारलं, "काय रे, बसलास का?"

"दरड हटेल म्हणून थांबलोय."

"ती हटेपर्यंत तुझी दाढी गुडघ्याला लागेल."

"मग काय करू? दगडावर हीच वाट कोरली आहे."

"आणि दगडाला कळलंय का, दरड पडली ते?"

सुभाना विचारात पडला. "नसेल कळलं," तो म्हणाला. "तो दोन डोंगर पलीकडे उभा आहे."

वानर इतका हसला की फांदीवरून घसरता घसरता राहिला. मग म्हणाला, "आमच्या टोळीत असं नसतं. फांदी मोडली की जवळचा वानर ओरडतो. त्याचं ऐकून शेजारचा ओरडतो, त्याचं ऐकून त्याच्या शेजारचा. शेवटच्या वानराने ती मोडकी फांदी पाहिलेलीही नसते, पण तो तिच्यावर उडी मारत नाही."

सुभानाने हे बोलणं जसंच्या तसं राजाला जाऊन सांगितलं. दरबारातले लोक गालात हसले, पण राजा मोठ्याने हसला. "माझ्या दगडांपेक्षा वानर शहाणा निघाला," तो म्हणाला. त्याने सगळे दगड उपटून घेतले आणि ते गावोगावच्या बायकांना देऊन टाकले. बायकांनी छिन्नीने टोचून त्यांना टाकी लावून घेतली आणि त्यांचे पाटे केले. कोरलेली बाजू खाली गेली आणि वरच्या बाजूवर चटण्या वाटल्या जाऊ लागल्या. दगड शेवटी कामाला आले.

त्यानंतर राज्यात नवा रिवाज सुरू झाला. रोज दिवस उगवताना प्रत्येक चौकीवर डफ वाजे. त्याचा अर्थ एवढाच, की आम्ही आहोत. शेजारच्या चौकीचा डफ दोनतीन दिवस ऐकू आला नाही, तर राखणदार समजे की तिकडे काहीतरी बिघडलंय, आता तिकडून कोणाला पाठवायचं नाही.

आणि दिवस कलला की शेजारशेजारच्या चौक्यांचे राखणदार मधल्या शिवेवर भेटत. तिथे एकमेकांना सांगत, अमकं गाव माझ्याकडून इतक्या घटकांवर आहे. घटका म्हणजे चूल पेटवून चार भाकऱ्या भाजून होतात तेवढा वेळ. ऐकणारा त्यात आपल्या चालीच्या घटका मिळवी, आणि जी वाट जवळची ठरे ती धरी. या बोलण्याला सगळे 'शिवेची बोलणी' म्हणत. गंमत अशी, की सगळं राज्य एकालाही ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला आपले शेजारी तेवढे ठाऊक. तरी या टोकाच्या दरडीची बातमी शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात जात त्या टोकाला पोचे.

हे सगळं डोक्यात कसं राहणार? म्हणून चौकीच्या भिंतीत खुंट्या ठोकलेल्या असत, प्रत्येक शेजाऱ्याच्या नावाची एक. आणि प्रत्येक गावाची एक रंगीत चिंधी. ज्या शेजाऱ्याकडून त्या गावाला जायचं, त्याच्या खुंटीवर ती चिंधी टांगायची. वाट बदलली की चिंधी दुसऱ्या खुंटीवर. जासूद येई, गावाचं नाव सांगे, राखणदार भिंतीकडे बघून बोट दाखवी. निरोप कोणाचा आणि कशाचा, हे विचारायचं नाही.

राणीला मात्र जासुदांच्या पायांची काळजी होती. ती म्हणाली, "एखादा बिचारा चुकून फिरतच राहिला तर?" तिने आपल्या वतीने एक भर घातली. निघताना जासुदाने पानांची डहाळी हातात घ्यायची आणि प्रत्येक चौकीवर राखणदाराने तिचं एक पान खुडायचं. पानं संपली, की समजायचं निरोप भरकटला. मग जासुदाने पुढे धावायचं नाही. बसून शिंग फुंकायचं. शेजारचे राखणदार येतील आणि मगच निरोप सर्वांदेखत उघड सांगायचा.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. सुभानाच्या मिशा पिकल्या, पण पाय अजून वाराच होते.

आता या गोष्टीतल्या दोन बायका ऐका. पळसखिंडीच्या चौकीवर हौसाबाई होत्या आणि शेजारच्या जांभूळमाळाच्या चौकीवर ठकूबाई. मध्ये दोन घटकांची चाल. हौसाबाईंची मैना ठकूबाईंच्या केरबाला दिलेली, म्हणून दोघी एकमेकींच्या विहिणी. दोघी मनाने चांगल्या, कामाला खमक्या. फक्त एकमेकींपुढे कमी पडायचं नाही, एवढा एकच हट्ट दोघींना होता.

संध्याकाळी शिवेवर त्या भेटल्या की तिथल्या झाडावर राहायला आलेला तोच वानर खास खाली उतरून बसे. त्याला ऐकायला मजा येई.

"उशीर झाला, विहीणबाई," हौसाबाई म्हणत. "भाकरी जाड होती का? चावता चावता दिवस कलला?"

"तुमच्या लेकीनेच थापली होती," ठकूबाई म्हणत. "तुम्ही शिकवलीत तशीच थापते बिचारी."

मग दोघी हसत, पदराखालून एकमेकींसाठी आणलेली चटणी काढत आणि कामाचं बोलत.

पळसखिंडीच्या पुढे एक खोल घळ होती. खाली नदी, वर लाकडी साकव. साकव ओलांडून डोंगराआड गेलं की कातळवाडी. हौसाबाईंकडून कातळवाडी दहा घटका, आणि ठकूबाईंकडून पळसखिंडीमार्गे बारा. कातळवाडीत कौतिकबाई नावाची सुईण राहत होती. अडलेलं बाळंतपण असलं की सगळ्या राज्यातून तिला बोलावणं जाई. त्यामुळे कातळवाडीची वाट ही हौसाबाईंच्या चौकीची शान होती.

ठकूबाईंच्या दुसऱ्या बाजूला गवतमाळाची चौकी होती. तिथे भिवाजी नावाचे म्हातारे धनगर राखणदार होते. तेही रोज आपल्या शिवेवर येऊन सांगत, "कातळवाडी माझ्यामार्गे पन्नास घटका. नदीच्या उगमाला वळसा घालून. माझ्या पायाखालची वाट आहे."

"पन्नास?" ठकूबाई म्हणत. "भिवाजीबाबा, तेवढ्यात मी पळसखिंडीकडून जाऊन येऊन वर जेवायला बसेन."

"लांब आहे," भिवाजी म्हणत, "पण आहे."

आणि काठी टेकत परत जात.

त्या वर्षी सावरीला फुलं फार आली होती. साकवाच्या अगदी काठावर सावरीचं एक जुनं झाड होतं, ते नुसतं लाल झालं होतं. एका वाऱ्याच्या दुपारी ते झाड फुलांसकट साकवावर आडवं झालं, आणि साकव तुटून खाली नदीत गेला.

हौसाबाईंनी जाऊन पाहिलं. घळीच्या तळाशी लाल फुलं वाहून चालली होती. त्यांनी चौकीत येऊन कातळवाडीची पिवळी चिंधी खुंटीवरून काढली आणि हातात धरून उभ्या राहिल्या. आता ही टांगायची कुठे?

शिवेवर जाऊन खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण वाटेत त्यांच्या मनात आलं, विहीणबाई काय म्हणतील? रोज मिरवत होतात ना शान, गेली ना नदीत? पाय जरा जड झाले. त्या पोचेपर्यंत ठकूबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे भराभर सांगून टाकलं, आणि त्यात हेही सांगितलं, "कातळवाडी माझ्याकडून बारा घटका."

हौसाबाईंच्या जिवात जीव आला. अरे, ह्यांच्याकडे आहे की वाट. मग माझी तुटली हे कशाला सांगा? बारात आपल्या चालीच्या दोन मिळवल्या आणि त्या म्हणाल्या, "माझ्याकडून चौदा."

"काल तर दहा होती."

"लांबली जरा."

"वाट लांबली, की तुमचे पाय आखडले?"

"तुमची चटणी खाऊन आखडतील नाही तर काय."

दोघी हसल्या. हौसाबाईंनी घरी येऊन पिवळी चिंधी जांभूळमाळाच्या खुंटीवर टांगली. आणि जांभूळमाळावर कातळवाडीची चिंधी कुठे होती? ती होती पळसखिंडीच्या खुंटीवर, जिथे कायम होती तिथेच.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दोघींच्या मात्र आलं नाही. ठकूबाईंनी घरी जाऊन हिशेब केला, पळसखिंडीहून चौदा, म्हणजे आपल्याकडून सोळा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोळा सांगितल्या. ते ऐकून हौसाबाईंनी अठरा सांगितल्या. त्यावर ठकूबाईंनी वीस. साकव पडला होता तिथेच पडून होता, आणि कातळवाडी रोज थोडी थोडी लांब चालली होती.

वानराने डोकं खाजवलं. "गाव सरकतंय की काय?" तो पुटपुटला.

गवतमाळाच्या शिवेवर भिवाजी रोजच्यासारखे म्हणतच होते, "लांब आहे, पण आहे." पण विहीणबाईंच्या वीस-चोवीस घटका त्यांच्या पन्नासपेक्षा कमीच होत्या. त्यामुळे ठकूबाईंनी चिंधी हलवली नाही.

इकडे मैनाला दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुढच्या सोमवारी तिला पळसखिंडीला न्यायचं ठरलं होतं. हौसाबाईंनी पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा नव्या वळल्या होत्या. पण त्याआधीच एका सकाळी, पोटाला तेल लावणाऱ्या शेजारणीचा हात थांबला. तिने ठकूबाईंना बाजूला घेतलं.

"बाळ आडवं आहे," ती म्हणाली. "वेणा लागायच्या आत फिरवायला हवं. ते माझं काम नाही. कौतिकबाईंनाच बोलवा, आणि लवकर बोलवा."

ठकूबाईंनी तडक सुभानाला हाक मारली. "कातळवाडीला जायचं. निरोप नीट ऐक. आणि वाटेत कोणापाशी बोलू नकोस."

"मी कधी बोलतो, मावशी?"

"पळसखिंडीला तर मुळीच नको. विहीणबाई म्हणतील, माझी लेक ह्यांना नऊ महिने नीट सांभाळता आली नाही."

त्यांच्या नातवंडाचं काम होतं, म्हणून त्यांनी डहाळी न देता अख्खी फांदीच मोडून दिली. भरपूर पानं असली तर निरोप मध्येच अडायला नको, असा त्यांचा विचार. मग त्या आत मैनाजवळ जाऊन बसल्या आणि चौकीवर त्यांनी केरबाला बसवलं.

सुभाना फांदी घेऊन सुटला. शिवेवरून जाताना वानर म्हणाला, "झाड घेऊन कुठे?"

"कातळवाडीला."

पळसखिंडीला हौसाबाईंनी एक पान खुडलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कातळवाडी ना? जांभूळमाळाला जा."

"मी तिथूनच आलो."

"असशील. पण वाट तिकडूनच आहे. विहीणबाईंनी स्वतः सांगितलंय."

सुभाना वळला. सांगितलं तेवढं करायचं. शिवेवर वानराने विचारलं, "झालं काम?"

"नाही अजून. कातळवाडीला चाललोय."

"पाठ करून?"

जांभूळमाळावर केरबाने दुरूनच त्याला पाहिलं आणि धावत पुढे आला. "आलास? सुईण कुठाय?"

"सुईण नाही. वाट विचारायला आलो. कातळवाडी कुठून?"

केरबाचं निम्मं लक्ष आतल्या खोलीकडे होतं. त्याने पान खुडलं, भिंतीवरची चिंधी पाहिली आणि म्हणाला, "पळसखिंडीवरून. नेहमीचीच तर वाट आहे. पळ लवकर."

सुभाना पळाला. पळसखिंडीवरून जांभूळमाळाला, जांभूळमाळावरून पळसखिंडीला. ऊन चढलं, माथ्यावर आलं, कलायला लागलं. हौसाबाईंनाही नवल वाटलं, पण त्यांना वाटलं, जांभूळमाळाकडची नवी वाट सापडायला अवघड असेल. केरबाला वाटलं, सासूबाईंना विचारायला हा घाबरत असेल. प्रत्येक जण पान खुडत होता आणि मोठ्या विश्वासाने दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

"सुभाना," वानर शेवटी म्हणाला, "खरं सांग. कातळवाडी पुढे पळतेय की तूच मागे पळतोयस?"

सुभाना धापा टाकत पुढे गेला. तो पळसखिंडीच्या चौकीत शिरला आणि फांदी पुढे केली. हौसाबाईंनी पान खुडायला हात नेला. एकच पान होतं. ते खुडल्यावर हातात उरली नुसती काडी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. सुभाना तिथेच भिंतीला टेकून बसला. त्याने कमरेचं शिंग काढलं आणि फुंकलं.

ते ऐकून ठकूबाई मैनाला शेजारणीवर सोपवून केरबासह निघाल्या. हौसाबाईही सुभानाला हाताला धरून शिवेपर्यंत घेऊन आल्या. रिवाजाप्रमाणे सगळे गोल बसले. वानरही बसला.

"आता निरोप उघड सांगायचा," हौसाबाई म्हणाल्या. "कोणाचा आहे?"

सुभानाने ठकूबाईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक पिळत होत्या. मग त्याने डोळे मिटले आणि जसा दिला होता तसाच निरोप म्हटला. "कातळवाडीच्या कौतिकबाईंना जांभूळमाळाच्या ठकूबाईंचा दंडवत. आमच्या मैनाचं बाळ पोटात आडवं आहे. वेणा लागायच्या आत यावं. लेकरू आमचं एकुलतं आहे."

हौसाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी मैना?" त्या म्हणाल्या. "सकाळपासून मी माझ्याच मैनाचा निरोप परत पाठवतेय?"

"पण का पाठवताय?" ठकूबाई रडवेल्या झाल्या. "पुढे का नाही पाठवलात? वाट तुमच्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कुठली? माझा साकव नदीत गेला, त्याला आज किती दिवस झाले. वाट तुमच्याकडे आहे. तुम्हीच सांगितलीत बारा घटका."

"अहो, त्या तुमच्याच दहा होत्या. मी माझ्या दोन मिळवल्या."

"आणि त्यात मी माझ्या दोन."

वानराने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "म्हणजे," तो हळूच म्हणाला, "ही हिची वाट दाखवत होती, आणि ती हिची. आणि वाट दोघींकडेही नव्हती."

"साकव पडला हे पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं," हौसाबाई म्हणाल्या. "तुम्ही टोमणा माराल म्हणून गप्प बसले."

"मी मारलाही असता," ठकूबाई म्हणाल्या. "पण आत्ता कौतिकबाई माझ्या ओट्यावर बसलेल्या असत्या." त्यांनी डोळे पुसले आणि एकदम ताठ झाल्या. "लांब आहे, पण आहे. केरबा, ऊठ. भिवाजीबाबांकडे जा."

सुभानाही उठायला लागला, पण हौसाबाईंनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुला राणीसाहेबांचा रिवाज ठाऊक आहे ना? पानं संपली, पाय थांबले." त्यांनी चौकीतून येताना घेतलेलं तेल काढलं आणि स्वतः त्याच्या तळव्यांना चोळलं. तो लाजून नको नको म्हणत राहिला.

केरबा धावला. बाप व्हायचा माणूस तो, वाऱ्यालाही मागे टाकेल. गवतमाळाला भिवाजींनी कोणाचं, कशाचं काही विचारलं नाही. फक्त विचारलं, "कुठे?" केरबा म्हणाला, "कातळवाडी." भिवाजींनी आपल्या नातवाला तट्टावर बसवलं आणि उगमाच्या वाटेला लावलं.

जांभूळमाळावर दोघी विहिणी मैनाच्या दोन बाजूंना बसल्या. मैनाने आईला पाहून डोळे मोठे केले. "आई, तू इथे? मला न्यायला अजून सोमवार आहे ना?"

"माहेरच इकडे घेऊन आले," हौसाबाई म्हणाल्या. "तू नुसती पडून राहा."

ती रात्र गेली. दुसरा दिवसही कलत आला. दोघींनी मिळून पाणी तापवलं, मिळून देवाला हात जोडले, आणि एकीने उठायच्या आत दुसरी उठू लागली. मैनाच्या कमरेत कळ यायला सुरुवात झाली, तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या.

कौतिकबाई तट्टावरून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "उगमाच्या वाटेने आले," त्या म्हणाल्या. "बाळ आडवं आहे म्हणता, पण एवढी वाट तट्टावर बसून माझंच सगळं आडवं झालंय. चला, आधी बाळाचं बघू."

त्यांनी हात धुतले, शेकले, आणि मैनाच्या पोटावर ठेवले. बाळाशी अगदी घरच्यासारखं बोलत, दाबत, थांबत, पुन्हा दाबत त्यांनी त्याला हळूहळू फिरवलं. बाळ थोडं रुसलं असावं, पण फिरलं. आणि पहाटे, चौक्याचौक्यांवर डफ वाजत असताना, आतून एक नवा आवाज आला. तोही इतकंच सांगत होता, मी आहे.

मुलगी होती. दोन्ही आज्यांनी एकदम हात पुढे केले. मग हौसाबाईंनी हात मागे घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही आधी घ्या, विहीणबाई. वाट तुमच्या शेजाऱ्याची होती."

"साकव पडला हे तोंडाने तुम्ही कबूल केलंत," ठकूबाई म्हणाल्या. "तुम्ही घ्या."

"कोणीतरी घ्या गं," कौतिकबाई म्हणाल्या. "माझे हात भरून आले."

बारशाला राजा आणि राणी दोघंही आले. गवतमाळाहून भिवाजी आले, त्यांना पाटावर बसवून पहिल्या घुगऱ्या दिल्या. दुसऱ्या घुगऱ्या वानराला. कौतिकबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं, सावरी. साकवावर पडलेल्या झाडाची फुलं अजून नदीतून वाहत होती.

राजाने सगळा प्रकार विचारला. दोघी विहिणी एकमेकींचं बोलणं तोडत सांगत होत्या, आणि नवल म्हणजे जी ती चूक आपल्याकडे ओढत होती. राजा हसला, राणी त्याहून जास्त हसली. मग राजाने तिथेच दवंडी दिली. ज्या शेजाऱ्याकडून वाट ऐकली, त्यालाच ती आपली म्हणून परत सांगायची नाही. आणि आपली वाट तुटली, तर शिवेवर पोचल्यावर पहिलं वाक्य तेच बोलायचं. त्यात कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही.

"टोमणा अजिबात नाही?" ठकूबाईंनी विचारलं.

"वाटेवरून नाही," राणी म्हणाली. "भाकरीवरून चालेल."

पुढे साकव पुन्हा बांधला गेला, पण तो बांधून होईपर्यंत एकही जासूद भरकटला नाही. सगळ्या चौक्यांवर कातळवाडीची चिंधी मुकाट्याने भिवाजींच्या दिशेच्या खुंटीवर गेली होती, आणि साकव उभा राहिला त्याच आठवड्यात पुन्हा पळसखिंडीच्या दिशेला आली. सुभानाला आता हातात कधी फांदी लागली नाही, छोटी डहाळी पुरे होई.

हौसाबाई मात्र रोज शिवेवर आल्या की आधी म्हणत, "थांबा, विहीणबाई, आज काय तुटलंय ते ऐका." बहुतेक वेळा वाट शाबूत असे आणि तुटलेला असे तो एखाद्या मडक्याचा कान. तरी त्या सांगत. ठकूबाई ऐकत, आणि मांडीवरची सावरी दोघींकडे आळीपाळीने बघून हसे.

म्हणून बाळांनो, एवढं लक्षात ठेवा: दुसऱ्याकडून ऐकलेली वाट आपली म्हणून मिरवू नये आणि आपली तुटलेली वाट लपवू नये; शेजाऱ्याला खरं सांगणाराच दूरच्यालाही घरी पोचवतो.